स्वतःचे डोमेन वेब ॲपला जोडताना: कुठे काय बदलायचे, कशाला हात लावायचा नाही

रेंडर, व्हर्सेल, नेटलिफाय, हेरोकू या होस्टिंग सेवांपैकी कुठेही ॲप चढवले की ते लगेच चालू होते, पण पत्ता मिळतो तो त्यांच्या नावाचा. तुमच्या ॲपचे नाव आणि पुढे ऑनरेंडर.कॉम किंवा व्हर्सेल.ॲप. असा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापवत नाही, म्हणून डोमेन घेतले जाते. ते ॲपला जोडण्याचे काम खरे तर दोन ओळी टाइप करण्याइतकेच आहे. तरी माणसे त्यात दोन-दोन दिवस अडकतात, कारण एकाच डोमेनच्या सेटिंग चार ठिकाणी असतात आणि बदल बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी केला जातो.

ती चार ठिकाणे अशी:

- रजिस्ट्रार: जिथे पैसे भरून डोमेन घेतले, तो.
- डीएनएस: जिथे डोमेनचे रेकॉर्ड, म्हणजे हे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणाऱ्या नोंदी, ठेवलेले असतात. बहुधा रजिस्ट्रारकडेच, पण नेहमी नाही.
- होस्टिंग: जिथे ॲप चालते.
- तुमचा कोड आणि ॲपला जोडलेल्या बाहेरच्या सेवा: गूगल लॉगिन, पेमेंट गेटवे, ईमेल वगैरे.

खाली उदाहरण धरले आहे रेंडरवरच्या एका जँगो (पायथॉनमध्ये वेब ॲप बनवण्याची चौकट) ॲपचे, आणि डोमेन धरले आहे उदाहरण.कॉम. दुसऱ्या होस्टिंगवर जिथे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे. एक गोष्ट आधीच: इथे नावे आणि आकडे देवनागरीत आहेत, डॅशबोर्डमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे. त्यातही आयपी पत्ता (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) किंवा टार्गेट (रेकॉर्ड ज्या नावाकडे बोट दाखवतो ते) कुठल्याही लेखातून उचलू नका, या लेखातूनही नाही. ते तुमच्या होस्टिंगच्या डॅशबोर्डवरूनच कॉपी करा. कंपन्या हे आकडे बदलतात, जुने लेख मात्र तसेच राहतात.

हाताशी काय हवे

- रजिस्ट्रारचे लॉगिन, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर किंवा ईमेलवर येतो तो. डोमेन जुन्या डेव्हलपरच्या किंवा भाच्याच्या खात्यात असेल, तर आधी ते सोडवा. मालकी दुसऱ्याच्या हातात ठेवून पुढे जाण्यात अर्थ नाही.
- डीएनएस दुसरीकडे असेल तर तिथलेही लॉगिन.
- होस्टिंगच्या डॅशबोर्डमध्ये ॲडमिनचे अधिकार.
- कोड बदलून पुन्हा डिप्लॉय करण्याची सोय.
- डोमेनवर ईमेल चालू असेल तर ते कोणाकडे आहे याची माहिती. ही बाब सगळ्यात जास्त विसरली जाते आणि सगळ्यात महाग पडते.

डोमेन नवे कोरे असेल, तर घेतल्या घेतल्या आलेला ईमेल उघडून पत्त्याची पडताळणी करून टाका. .कॉम, .नेट, .ऑर्गसारख्या डोमेनना ही पडताळणी १५ दिवसांत व्हावी लागते. नाही झाली तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो, आणि मग पंधरा दिवस नीट चाललेली साइट एका सकाळी अचानक गायब होते. तुम्ही डीएनएस शोधत बसता, दोष मात्र एका न उघडलेल्या ईमेलचा असतो. .इन डोमेन घेताना केवायसी मागितले तर नाव ओळखपत्रावर आहे तसेच टाका. .इनला मालकाचे नाव झाकणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही. त्यामुळे कोणत्याही डोमेनसाठी वेगळा ईमेल वापरलेला बरा. खरेदीनंतर ‘वेबसाइट बनवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन आणि मेल सुरू होतात, तेवढा तरी त्रास कमी.

१. नेमसर्व्हर कोणाचे आहेत ते बघा

सातबारा कोणत्या गावच्या तलाठ्याकडे आहे हे कळल्याशिवाय फेरफाराचा अर्ज करून उपयोग नसतो, तसेच इथे. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड जगाला सांगणारे सर्व्हर. रजिस्ट्रारच्या डॅशबोर्डमध्ये ‘नेमसर्व्हर’ असा भाग असतो. तिथे रजिस्ट्रारचीच नावे असतील तर रेकॉर्ड तिथेच बदलायचे. क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेची नावे असतील तर क्लाउडफ्लेअरमध्ये. पूर्वीच्या कुठल्या सीपॅनेलवाल्या होस्टिंगची असतील तर तिथे.

इथली मोठी अडचण अशी की नेमसर्व्हर दुसरीकडे असले तरी बऱ्याच रजिस्ट्रारचे पान तुम्हाला रेकॉर्ड टाकू देते, ‘सेव्ह झाले’ असेही सांगते. जगाला मात्र ते रेकॉर्ड कधीच दिसत नाहीत. चार तास झाले, आठ तास झाले, काहीच बदलत नाही, अशी तक्रार असेल तर दहापैकी निम्म्या वेळा हेच निघावे.

खात्री करायची तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप ही आज्ञा द्या, पुढे टाइप म्हणून एनएस (नेमसर्व्हर) सांगा आणि डोमेनचे नाव लिहा. मॅक किंवा लिनक्सवर डिग. जे उत्तर येईल तेच खरे, डॅशबोर्ड काहीही म्हणो.

आता प्रश्न येतो: होस्टिंग ‘आमचे नेमसर्व्हर वापरा’ म्हणते, वापरावेत का? नेटलिफाय आणि व्हर्सेल हा पर्याय पुढे करतात. डोमेन नवे असेल, ईमेल नसेल, तर चालेल. पण डोमेनवर आधीपासून काहीही चालू असेल तर नेमसर्व्हर बदलू नका, फक्त रेकॉर्ड बदला. नेमसर्व्हर बदलले की जुन्या ठिकाणचे सगळे रेकॉर्ड एका फटक्यात निकामी होतात. ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारा एमएक्स, पाठवणारा खरा आहे हे पटवणारे एसपीएफ आणि डीकिम, सगळे. साइट चालू होते आणि ईमेल बंद पडते. पाठवणाऱ्याला त्याचा बाउन्स कदाचित दिवसभराने मिळतो, तोवर कोणालाच पत्ता नसतो.

बदलायचेच असतील तर डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) चालू आहे का ते आधी बघा. चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या किल्लीची नोंद) काढा, तो जगभरातल्या कॅशेमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या उत्तरांतून, जाईपर्यंत थांबा, आणि मगच नेमसर्व्हर हलवा. तो राहिला तर नव्या नेमसर्व्हरची सही जुन्या किल्लीशी जुळत नाही आणि पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नावाचे उत्तर शोधणारे सर्व्हर) ‘सर्व्हफेल’ ही चूक देऊन मोकळे होतात.

२. आहे ते लिहून ठेवा, टीटीएल खाली आणा

सध्याच्या सगळ्या रेकॉर्डचा स्क्रीनशॉट घ्या, किंवा झोन फाइल, म्हणजे सगळ्या रेकॉर्डची एकत्र फाइल, एक्स्पोर्ट करा. काही बिघडले तर परत जायला हीच वाट.

प्रत्येक रेकॉर्डला टीटीएल असतो: रिझॉल्व्हरने उत्तर किती सेकंद जपून ठेवायचे तो आकडा. ३६०० म्हणजे एक तास, १४४०० म्हणजे चार तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. जुनी साइट चालू असताना नव्या ॲपकडे वळवायचे असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करून ठेवा. बदल करताना त्याच वेळी टीटीएल कमी करणे निरुपयोगी आहे; ज्यांनी जुने उत्तर घेतले त्यांनी ते जुन्या मुदतीसहच घेतलेले असते. नव्या डोमेनला ही पायरी लागत नाही.

नव्या डोमेनला उलट पथ्य पाळा. रेकॉर्ड टाकण्याआधी ‘चालतंय का बघू’ म्हणून पत्ता उघडत बसू नका. ‘असे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा जपून ठेवले जाते, आणि ते किती वेळ हे डोमेनच्या एसओए (डोमेनची मूळ माहिती असलेल्या) रेकॉर्डवर ठरते. मग रेकॉर्ड टाकल्यावरही तुमच्याच घरातल्या वायफायवर साइट दिसत नाही, शेजाऱ्याच्या मोबाइलवर दिसते.

३. आधी होस्टिंगला सांगा

क्रम महत्त्वाचा. आधी होस्टिंगच्या डॅशबोर्डमध्ये डोमेन नोंदवा, मग डीएनएसमध्ये रेकॉर्ड टाका.

कारण सोपे आहे. या होस्टिंगवर हजारो ॲप एकाच आयपी पत्त्यावर राहतात. ब्राउझर येतो तेव्हा विनंतीसोबत ‘मला उदाहरण.कॉम हवे’ असे सांगतो, आणि होस्टिंग आपल्या यादीत ते नाव शोधून त्या ॲपकडे पाठवते. यादीत नावच नसेल तर विनंती योग्य दारात येऊनही ४०४ घेऊन परत जाते. डीएनएस बरोबर, आयपी बरोबर, तरी ‘सापडले नाही’. लोक मग बरोबर असलेले रेकॉर्ड पुन्हा बदलायला जातात.

रेंडरमध्ये सर्व्हिस उघडून सेटिंग्जमधल्या ‘कस्टम डोमेन्स’मध्ये उदाहरण.कॉम टाका. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले नाव ते आपणहून जोडते आणि एकावरून दुसऱ्यावर रीडायरेक्ट लावते. मग कोणते रेकॉर्ड टाकायचे ते दाखवते. काही होस्टिंग याच टप्प्यावर मालकी सिद्ध करायला एक टीएक्सटी, म्हणजे नुसत्या मजकुराचा, रेकॉर्ड मागते, विशेषतः तेच डोमेन आधी दुसऱ्या कोणाच्या खात्यात नोंदलेले असेल तर. तो टाका आणि काम झाल्यावरही लगेच काढू नका.

४. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम

सीनेम रेकॉर्ड म्हणजे ‘या नावाचे उत्तर त्या नावाला विचारा’. रकाने तीनच:

- प्रकार: सीनेम
- नाव किंवा होस्ट: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू
- मूल्य किंवा टार्गेट: तुमचेॲप.ऑनरेंडर.कॉम

‘नाव’ या रकान्यात फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ही तीन अक्षरे टाकायची. बहुतेक डॅशबोर्ड पुढचे डोमेन स्वतः जोडतात. तुम्ही पूर्ण पत्ता टाकलात तर रेकॉर्ड तयार होतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम या नावाचा. यादीत तो रेकॉर्ड वरवर बरोबर दिसतो, कारण लांब नाव रकान्यात कापले जाते. सेव्ह केल्यावर त्या ओळीवर माउस नेऊन पूर्ण नाव वाचा.

मूल्याच्या रकान्यात उलटे होऊ शकते. काही पॅनेल शेवटी टिंब नसेल तर तिथेही तुमचे डोमेन चिकटवतात. टार्गेटच्या शेवटी टिंब द्यायचे की नाही हे पॅनेलवर अवलंबून असते. सेव्ह केल्यावर काय दिसते ते बघून ठरवा. आणि मूल्यात एचटीटीपीएस, कोलन किंवा तिरकी रेघ यांतले काहीही येता कामा नये. डीएनएसला फक्त नावे कळतात, पूर्ण वेब पत्ता कळत नाही.

५. नुसत्या डोमेनसाठी ए रेकॉर्ड

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेले नुसते उदाहरण.कॉम, ज्याला रूट किंवा एपेक्स म्हणतात, तिथे सीनेम चालत नाही. हा नियम १९८७ च्या मूळ डीएनएस मानकातला आहे: ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा कोणताही रेकॉर्ड असू शकत नाही. रूटवर तर एनएस आणि एसओए असावेच लागतात, शिवाय ईमेलचा एमएक्स. म्हणून पॅनेल सीनेम नाकारते. एखादे पॅनेल नाकारत नाही, आणि मग ईमेल अधूनमधून हरवू लागते. ते आणखी वाईट.

रूटसाठी दोन रस्ते आहेत. पहिला: ए रेकॉर्ड, म्हणजे नावाला थेट आयपी पत्ता जोडणारा. नावाच्या रकान्यात @ हे चिन्ह, मूल्यात होस्टिंगने दिलेला आयपी. रेंडर २१६.२४.५७.१ देते, नेटलिफाय ७५.२.६०.५. व्हर्सेलचा ७६.७६.२१.२१ जुन्या लेखांत सर्वत्र दिसतो, पण नव्या प्रोजेक्टला डॅशबोर्ड वेगळे मूल्य दाखवू शकतो, तेव्हा तेच घ्या.

दुसरा रस्ता एलियास किंवा एनेम रेकॉर्डचा. दिसायला सीनेमसारखा, पण डीएनएस सेवा स्वतःच टार्गेटचा आयपी काढून बाहेर ए रेकॉर्ड म्हणून देते. क्लाउडफ्लेअर यालाच सीनेम फ्लॅटनिंग म्हणते आणि तिथे रूटवर सीनेम टाकता येतो. हेरोकूला हाच रस्ता लागतो, कारण ते स्थिर आयपी देत नाही, फक्त हेरोकूडीएनएस.कॉमने संपणारे टार्गेट देते. त्या टार्गेटला पिंग करून मिळालेला आयपी ए रेकॉर्डमध्ये टाकण्याची युक्ती कोणी सांगेल. ती आज चालते आणि एक दिवस न सांगता बंद पडते, कारण ते आयपी बदलत राहतात.

तुमच्या रजिस्ट्रारच्या डीएनएसमध्ये एलियासची सोय नसेल आणि होस्टिंग आयपी देत नसेल, तर डीएनएस क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेकडे हलवा. हलवताना पायरी १ आणि २ पुन्हा वाचा.

रजिस्ट्रारचे ‘फॉरवर्डिंग’ बटण दाबून रूटवरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर पाठवायचा मोह होतो. नाइलाज असेल तरच वापरा. बऱ्याच ठिकाणी ते फॉरवर्डिंग एचटीटीपीएसवर धड चालत नाही. ‘मास्किंगसह फॉरवर्डिंग’ तर मुळीच नको. ते तुमचे ॲप एका आयफ्रेममध्ये कोंबते, लॉगिन मोडते आणि पत्ता कायम पहिल्याच पानाचा दाखवते.

६. जुना कचरा काढा

नवा रेकॉर्ड टाकला म्हणून जुना आपोआप जात नाही. नव्या डोमेनवर रजिस्ट्रारने स्वतःचा ‘पार्किंग’चा ए रेकॉर्ड टाकलेला असतो. तो राहिला तर @ ला दोन ए रेकॉर्ड होतात आणि डीएनएस दोन्ही देते. मग काही लोकांना तुमचे ॲप दिसते, काहींना ‘हे डोमेन लवकरच येत आहे’ आणि जाहिराती. रिफ्रेश केले की उलट. हा घोळ ‘अजून पसरतंय’ म्हणून दिवसभर सोडून दिला जातो, पण तो वेळेने सुटणारा नाही. एकाहून जास्त ए रेकॉर्ड असणे मुळात चूक नव्हे. गिटहब पेजेस तर स्वतःच १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंत चार देते. ते सगळे एकाच मालकाचे असले म्हणजे झाले.

काढायचे ते हे:

- @ वरचे जुने किंवा पार्किंगचे ए रेकॉर्ड.
- डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवरचा जुना ए किंवा सीनेम.
- एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चे, होस्टिंगने मागितले नसतील तर. रेंडर ते काढायला स्पष्ट सांगते. जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास असते, त्यामुळे एएएए चुकीचा असेल तर ऑफिसच्या ब्रॉडबँडवर साइट ठीक आणि ग्राहकाच्या मोबाइलवर भलतीच, असे होते.

हात लावायचा नाही ते: एनएस, एसओए, एमएक्स आणि ईमेलच्या एसपीएफ, डीकिम, डीमार्कचे टीएक्सटी. समजत नाही असा टीएक्सटी रेकॉर्ड ‘फालतू’ समजून उडवू नका.

७. तपासा, पण योग्य जागी

‘डीएनएसला ४८ तास लागतात’ हे वाक्य कस्टमर केअरचे आवडते आहे. त्यात तथ्य आहे, पण फक्त नेमसर्व्हर बदलताना: .कॉमच्या झोनमध्ये नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. नुसता ए किंवा सीनेम टाकला असेल तर टीटीएल संपला की बदल दिसायलाच हवा. तासाभराने दिसत नसेल तर थांबू नका, चूक शोधा.

ब्राउझरवर विश्वास ठेवू नका, तो स्वतःची कॅशे बाळगतो. एनएसलुकअप, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह नाव, मग एक जागा सोडून ८.८.८.८ लिहा. याने गूगलच्या रिझॉल्व्हरला थेट विचारले जाते. ८.८.८.८ च्या जागी १.१.१.१ टाकले की क्लाउडफ्लेअरला. उत्तरात ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ असे आले तर घाबरू नका, उत्तर कॅशेमधून दिले एवढाच त्याचा अर्थ. खाली होस्टिंगचे नाव किंवा आयपी दिसतो का ते बघा. डोमेनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरला विचारून बरोबर उत्तर येते, आणि ८.८.८.८ जुने सांगते, तर मामला फक्त वेळेचा आहे. नेमसर्व्हरच चुकीचे सांगत असेल तर कितीही थांबून उपयोग नाही.

८. कुलूप येईपर्यंत

रेकॉर्ड बरोबर दिसले की होस्टिंगच्या डॅशबोर्डमध्ये ‘व्हेरिफाय’ दाबा. होस्टिंग स्वतःच एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे ते कुलूप, काढते, बहुधा लेट्स एनक्रिप्ट या संस्थेकडून, फुकट. नेहमीची मुदत ९० दिवसांची असते आणि नूतनीकरण आपोआप होते. त्यामुळे रजिस्ट्रारने कार्टमध्ये घुसवलेले विकतचे एसएसएल घ्यायची गरज नाही. ते इथे लावताही येत नाही बहुतेकदा.

मधल्या काही मिनिटांत ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. डोमेन .ॲप किंवा .डेव्ह असेल तर एवढ्या वेळात साइट उघडणारच नाही, कारण ही दोन्ही संपूर्ण डोमेने ब्राउझरमध्येच एचटीटीपीएससक्तीच्या यादीत आहेत. ‘तरीही पुढे जा’ हा पर्यायही मिळत नाही. अर्ध्या तासानंतरही सर्टिफिकेट नसेल तर तीन कारणे बघा.

एक, राहून गेलेला एएएए. लेट्स एनक्रिप्ट तपासणी करताना आयपीव्ही६ ला पसंती देते, आणि ती तपासणी भलत्याच सर्व्हरवर जाऊन फसते.

दोन, सीएए रेकॉर्ड. या डोमेनचे सर्टिफिकेट कोणी द्यायचे याची ती यादी असते. यादीत तुमच्या होस्टिंगची संस्था नसेल तर तिला नकार द्यावाच लागतो. हे २०१७ पासून बंधनकारक आहे. सीएए नसेल तर कोणीही देऊ शकते, म्हणून तो नसल्याची काळजी नको.

तीन, क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग. त्याबद्दल पुढे.

‘व्हेरिफाय’ किंवा ‘रीट्राय’ सतत दाबत राहू नका. लेट्स एनक्रिप्ट एका खात्याला एका नावासाठी तासाला पाचच फसलेले प्रयत्न देते. आधी कारण दूर करा, मग एकदा दाबा.

क्लाउडफ्लेअर मध्ये असेल तर

रेकॉर्डच्या ओळीत ढगाचे चित्र असते. नारिंगी म्हणजे रहदारी क्लाउडफ्लेअरमधून जाते, करडा म्हणजे फक्त डीएनएस. सुरुवातीला करडाच ठेवा. होस्टिंगचे सर्टिफिकेट आले, साइट उघडली, मग गरज असेल तर नारिंगी करा. व्हर्सेल किंवा नेटलिफायला स्वतःचे सीडीएन (जगभर पसरलेल्या सर्व्हरचे जाळे) आहे, तिथे ती गरज बहुतेकांना नसतेच.

नारिंगी केलात तर एसएसएल मोड ‘फुल स्ट्रिक्ट’ ठेवा. ‘फ्लेक्सिबल’मध्ये क्लाउडफ्लेअर होस्टिंगशी साध्या एचटीटीपीने बोलते. होस्टिंग म्हणते एचटीटीपीएसवर या. ब्राउझर पुन्हा एचटीटीपीएसवर जातो, क्लाउडफ्लेअर पुन्हा एचटीटीपीने विचारते, आणि हे फिरत राहते. पडद्यावर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’. कुकी साफ करा असे ब्राउझर सुचवतो. त्याने काहीही होणार नाही.

९. ॲपला नवे नाव माहीत करून द्या

इथपर्यंत डोमेन दारापर्यंत आले. आता ॲप त्याला आत घेते का बघायचे.

जँगोमध्ये नवे डोमेन ‘अलाउड होस्ट्स’ यादीत नसेल तर पांढऱ्या पानावर नुसते ‘बॅड रिक्वेस्ट ४००’ येते. दोन्ही नावे टाका, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, आणि जुने ऑनरेंडरचे नावही राहू द्या. तारांकन टाकून सगळ्यांना मोकळीक देऊ नका. जँगो ४ पासून ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’मध्ये नाव एचटीटीपीएससकट लिहावे लागते. फॉर्म भरताना ४०३ येत असेल तर हे बघा. ‘सिक्युअर एसएसएल रीडायरेक्ट’ चालू असेल तर प्रॉक्सीचा हेडर ओळखण्याची सेटिंगही हवी. होस्टिंग एचटीटीपीएस बाहेरच्या बाहेर उतरवते, आत ॲपपर्यंत साधे एचटीटीपी येते, आणि ॲप स्वतःच रीडायरेक्टचा भोवरा सुरू करते.

बाकीची यादी, भाषा कोणतीही असो:

- एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला ‘बेस यूआरएल’. पासवर्ड रीसेटच्या मेलमधली लिंक जुन्या पत्त्यावर जाते ती याच्यामुळे.
- गूगल लॉगिनचा रीडायरेक्ट पत्ता. अक्षर न् अक्षर जुळावे लागते: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एचटीटीपीएस, शेवटची तिरकी रेघ, सगळे.
- फ्रंटएंड आणि एपीआय वेगळे असतील तर कॉर्सच्या (कोणत्या साइटला एपीआय वापरू द्यायचे त्या) यादीत नवे नाव.
- गूगल मॅप्सच्या किल्लीला वेबसाइटचे बंधन असेल तर तिथे. नाहीतर नकाशाच्या जागी करडा चौकोन.
- पेमेंट गेटवेचा वेबहुक पत्ता, म्हणजे पैसे आल्याचे गेटवे ज्या पत्त्यावर कळवतो तो. तो थेट अंतिम पत्त्यावर द्या, कारण वाटेत रीडायरेक्ट लागला की बरेच गेटवे ते अपयश धरतात. पैसे कापले जातात आणि ऑर्डर ‘पेंडिंग’ राहते.

वापरकर्त्यांना पुन्हा एकदा लॉगिन करावे लागेल. कुकी नावागणिक वेगळ्या असतात, त्याला इलाज नाही. बदल संध्याकाळच्या गर्दीत करू नका एवढेच.

१०. एकच पत्ता ठरवा

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह की नुसता, यातले काहीही निवडा, पण एकच, आणि दुसरा त्यावर रीडायरेक्ट करा. रूटवर एलियासची सोय नसलेल्या डीएनएसवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हा मुख्य पत्ता ठेवणे सोयीचे, कारण होस्टिंगने उद्या आयपी बदलला तरी सीनेम आपोआप त्याच्या मागोमाग जातो.

रीडायरेक्ट आधी तात्पुरता, म्हणजे ३०२ किंवा ३०७ लावा. चारही पत्ते, म्हणजे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस गुणिले दोन नावे, खासगी विंडोत उघडून बघा. सगळे एकाच ठिकाणी पोचले की मग कायमचा ३०१ किंवा ३०८ करा. कायमचा रीडायरेक्ट ब्राउझर लक्षात ठेवतो. उलट्या दिशेने लावून बसलात तर तुम्ही दुरुस्त केल्यावरही जुन्या पाहुण्यांचे ब्राउझर तिकडेच जात राहतात.

मराठीतले डोमेन असेल तर

.भारत हे देवनागरी डोमेन २०१४ साली आले आणि मराठी नावे त्यात घेता येतात. पायऱ्या त्याच. फरक इतकाच की डीएनएसला देवनागरी कळत नाही, पडद्यामागे नावाचे प्यूनीकोडमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या रूपात, रूपांतर होते आणि ते एक्सएन व दोन डॅश यांनी सुरू होते. होस्टिंगचा डॅशबोर्ड देवनागरी नाव घेत नसेल तर प्यूनीकोडचे नाव टाका. जँगोच्या यादीतही तेच, कारण ब्राउझर होस्ट म्हणून तेच पाठवतो. नावाचे ऱ्हस्व-दीर्घ लोक कसे टाइप करतील याचा विचार खरेदीआधीच करा. ‘किर्ती’ आणि ‘कीर्ती’ ही दोन वेगळी डोमेने होतात.

नंतरची देखभाल

ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. आपल्याकडे कार्डावरचे आपोआप होणारे पेमेंट अडकणे नवीन नाही, म्हणून मुदतीच्या महिनाभर आधीचे स्मरणपत्र कॅलेंडरमध्ये टाका. .कॉम रिन्यू करायचे राहून गेलेच, तर काही काळ नेहमीच्या दराने परत मिळते, पुढे ३० दिवस मोठा दंड भरून, आणि त्यानंतर पाच दिवसांत ते सर्वांसाठी खुले होते.

ॲप बंद करायचे ठरवले तर क्रम उलटा: आधी डीएनएसमधला सीनेम काढा, मग होस्टिंगवरचे ॲप. रेकॉर्ड तसाच लोंबकळत राहिला तर काही होस्टिंगवर दुसरा कोणीही तेच मोकळे नाव घेऊन तुमच्या सबडोमेनवर स्वतःचे पान उघडू शकतो, तेही वैध कुलपासह. डेमो, टेस्ट, जुना असल्या नावांचे सबडोमेन वर्षातून एकदा तपासा आणि ज्यांच्या मागे ॲप उरलेले नाही ते रेकॉर्ड काढून टाका.